दोनशे चाळिसाव्या दिवसाचा गोलकीपर

कोणत्याही संघाची खरी कसोटी मैदानावर लागत नाही. ती लागते दोन हंगामांच्या मधल्या मोकळ्या काळात. मैदानावर काय, चेंडू गोल असतो, तो कुठंही जातो. पण कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, प्रशिक्षक बदलायचा की नुसती त्याची शिट्टी, हे सगळं शांत डोक्यानं, पंख्याखाली बसूनच ठरवावं लागतं. परदेशात हा मोकळा काळ बर्फामुळे येतो म्हणतात. सिल्वासात बर्फ पडतो तो फक्त उसाच्या रसात. इथं फुटबॉलचा हंगाम संपतो तो दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी.

हा आकडा कुठून आला ते सांगतो. सलग दोनशे चाळीस दिवस काम केलेल्या माणसाला सहजासहजी घरी पाठवता येत नाही, असं कायद्यात कुठंसं लिहून ठेवलंय. तो परमनंट होतो. परमनंट झालेल्या माणसाला रजा मागता येते, आजारी पडता येतं, आणि साहेबांशी बोलताना चपलांकडे न बघता तोंडाकडे बघता येतं. यातली एकही गोष्ट उत्पादनाला मानवत नाही. म्हणून दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी कामगाराच्या हातात एक पत्र देतात. त्याला म्हणतात 'ब्रेक'. चार महिने घरी बसायचं, आणि मग यायचं नवा अर्ज घेऊन, नवा फोटो लावून, अगदी कोरं करकरीत. (फोटो नवाच लागतो. जुन्या फोटोतला माणूस आपल्याकडे पूर्वी कामाला होता, असा संशय येऊ शकतो.)

गलोंड्याच्या रस्त्यावरच्या शुभकेतू यार्न्स या कंपनीनं ही पद्धत फुटबॉलला लावली, आणि त्याचं सगळं श्रेय पर्सनल ऑफिसर शशिकांत गायधनी यांना जातं. गायधनी साहेब मूळचे नाशिकचे. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि तिन्ही चालू. १९९२ साली कंपनीच्या मालकांनी दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात काचेच्या कपाटात एक कप पाहिला आणि फोनवर फर्मावलं, "आपल्याकडेही एक पाहिजे." दुसरा एखादा ऑफिसर असता तर बाजारातून घेऊन आला असता. गायधनींनी संघ उभा केला. खेळण्यासाठीच म्हणून अकरा जणांना कामावर घेतलं, सकाळी मैदान आणि दुपारी मशीन, आणि हंगाम ठरवला एक ऑक्टोबर ते सत्तावीस मे. रविवार, सणवार सगळे धरून मोजा. बरोब्बर दोनशे एकोणचाळीस भरतात. शेवटच्या दिवशी आंतर-कारखाना स्पर्धेची फायनल, फायनलनंतर वडापाव, वडापावबरोबर ब्रेकचं पत्र. काय नेटकं काम होतं! पत्राला तेल लागायचं तेवढंच.

त्यामुळे शुभकेतू संघात दर वर्षी जेवढे बदल व्हायचे तेवढे जगात कुठल्याही संघात होत नसतील. ऑक्टोबरमध्ये नोटीस बोर्डावर लागायचं : 'संघात अकरा नवे चेहरे. प्रशिक्षकपदी नवी नेमणूक.' नवे चेहरे म्हणजे तेच अकरा, पावसाळ्यात थोडे वाळलेले. नवे प्रशिक्षक म्हणजे तेच रघुनाथ, डहाणूकडचे, पॅकिंग खात्यात हेल्पर. त्यांचा नारळ देऊन सत्कार व्हायचा, आणि मग ते 'नव्या' खेळाडूंना फुटबॉलची ओळख करून द्यायचे, कारण अर्जात सगळ्यांनी 'अनुभव : नाही' असं लिहिलेलं असायचं. "याला बॉल म्हणत्यात," रघुनाथ गंभीरपणे सांगायचे. "पायानं मारायचा. गोलकीपर सोडून कोणी हात लावायचा नाय." अकरा जण माना डोलवायचे. गायधनी साहेब मागे उभे राहून उपस्थितांच्या सह्या घ्यायचे.

या अकरांतला गोलकीपर म्हणजे नवनाथ. शहाद्याकडचा, उंच, हात गुडघ्यापर्यंत लांब. मशीनवरून सुतानं भरलेल्या बॉबिन उतरवायचं त्याचं काम. एक बॉबिन निसटली तर शिव्या, दोन निसटल्या तर मेमो. असा माणूस चेंडू सोडेल कशाला? 'सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू' हे बक्षीस त्याला सलग तीन वर्षं मिळालं. तिन्ही वर्षांची तीन प्रशस्तिपत्रं त्याच्या बायकोनं, ममतानं, खोलीत एकाखाली एक लावली होती.

ती खोली हीच नवनाथची अडचण होती. खोली कंपनीची. ब्रेक मिळाला की चार दिवसांत रिकामी करायची, ट्रंक आणि स्टोव्ह उचलायचा आणि गावी जायचं, ते ऑक्टोबरला परत. पण शाळा काही ऑक्टोबरला सुरू होत नाही. त्यांची मुलगी सोनी दर वर्षी चार महिने उशिरा वर्गात जाऊन बसायची. गावच्या शाळेत नाव नाही, इथल्या शाळेत हजेरी नाही. पोरगी हुशार, पण तिला प्रत्येक पुस्तक येणार ते बेचाळिसाव्या पानापासून. पहिलीत दोनदा बसली, दुसरीतही दुसऱ्यांदा चालू होतं. वजाबाकी यायची, बेरीज यायची नाही. बाई म्हणाल्या, "हिला एकदा तरी जूनमध्ये पाठवा हो!" ममता त्या दिवशी घरी येऊन रडली. नवनाथ रडला नाही, पण त्या संध्याकाळच्या सरावात एक साधा चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला.

परमनंट झालं तर खोली सुटणार नव्हती, आणि सोनी जूनमध्ये शाळेत गेली असती. नवनाथला कप नको होता, प्रशस्तिपत्र नको होतं. त्याला एक दिवस हवा होता. फक्त एक.

आणि तो दिवस सरकारनं दिला. म्हणजे कुठल्या खात्यानं दिला ते सांगता येणार नाही, पण १९९६ सालच्या फेब्रुवारीत तो आला. नवनाथ किराणा दुकानाच्या गुजराती कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायचा. एकोणतीस तारखेला रेघ मारली आणि त्याचा हात तिथंच थांबला. मग त्यानं काड्यापेटी घेतली, सगळ्या काड्या जमिनीवर मांडल्या, संपल्या तशी दुसरी पेटी उघडली. तीनदा मोजलं.

"काय करी राहिनात?" ममता म्हणाली. "स्वयंपाक कशावर करू?"

"ममता, यंदा सत्तावीस मे दोनशे चाळिसावा दिन शे."

"मंग?"

"मंग काय मंग! फायनल त्याच दिवशी शे. आन् कोनले सांगू नको."

ममता खाली वाकली. तिनं सगळ्या काड्या पदरात गोळा केल्या, जसं काही कोणी त्या पाहिल्या तर दिवस काढून घेईल.

पुढचे तीन महिने नवनाथनं एकही खाडा केला नाही. ताप आला तरी आला, करंगळी सुजून मुळ्याएवढी झाली तरी आला. रांगेत कोणी शिंकलं तर तो जागा बदलायचा. त्याची ही निष्ठा बघून प्रशिक्षक रघुनाथ यांचे डोळे भरून यायचे. गायधनी साहेबांनी तर नोटीस बोर्डावर त्याचं नाव खडूनं लिहिलं : 'आदर्श हंगामी कर्मचारी.' चोवीस तास ते नाव बोर्डावर राहिलं. नंतर त्या जागी कॅन्टीनमध्ये वाटी चोरणाऱ्यांना इशारा आला.

सत्तावीस मे उजाडला. फायनल रांध्याच्या बाजूच्या एका पाइप कारखान्याशी. मैदानाच्या चारी बाजूंनी दोन हजार कामगार (गेट पासच्या हिशेबानं एक हजार नऊशे चौऱ्याऐंशी), वर आग ओकणारं ऊन. विसाव्या मिनिटाला शुभकेतूनं गोल केला. आणि चाळिसाव्या मिनिटाला रांध्याला पेनल्टी मिळाली.

हा भाग नीट बघा. मारणारा त्यांचा फोर्जिंगचा गडी, पोटऱ्या जात्याच्या खुंट्यासारख्या. तो आठ पावलं मागे गेला. नवनाथ गोलच्या मधोमध उभा, सुजकी करंगळी चिंधीनं बाजूच्या बोटाला बांधलेली. शिट्टी झाली. गडी धावत आला, नजर उजवीकडे आणि चेंडू डावीकडे, जमिनीपासून हातभर वर. नवनाथ आडवा झाला. अख्खा माणूस हवेत, आणि त्याच करंगळीच्या हाताचं टोक चेंडूला लागलं. चेंडू खांबावर आपटून बाहेर. धुरळा बसला तेव्हा नवनाथ पालथा पडलेला, आणि हसत होता. दोन हजार माणसं अशी ओरडली की गलोंड्याच्या झाडांवरचे बगळे उठले.

नेमकं त्याच वेळी शैलजाबाई रिक्षातून उतरल्या. शैलजाबाई टाइम ऑफिसच्या क्लार्क, कंपनीतल्या परमनंट लोकांपैकी सर्वांत जुन्या. ब्रेकची पत्रं गेल्या वर्षीचीच, तारीख बदलून टाइप केलेली. पाठवण्याआधी त्यांनी हजेरीपटाची बेरीज मारली, तर प्रत्येक खेळाडूसमोर २४० आले! तीनदा मारली. चौथ्यांदा मारायच्या ऐवजी त्या निघाल्या.

"सर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "फेब्रुवारी एकोणतीसचा होता."

गायधनी साहेबांच्या हातातली ताकाची पिशवी तशीच राहिली. "असं कसं? त्याचं सर्क्युलर आलं होतं का?"

"नाही सर. नुसताच आला."

रेफ्रीनं हाफटाइमची शिट्टी मारली. एखादा लेचापेचा ऑफिसर असता तर कोसळला असता. गायधनी साहेबांनी एक पेन काढलं. त्यांचा विचार इतका सरळ होता की तो पायरीपायरीनं सांगायलाच हवा. ब्रेक आज देता येत नाही, कारण आज दोनशे चाळिसावा दिवस. म्हणून ब्रेक काल संध्याकाळी देण्यात आला. ज्यांना काल ब्रेक मिळाला ते आज मैदानावर असूच शकत नाहीत. सबब पहिल्या हाफमध्ये जे अकरा जण दिसले ते कंपनीच्या नोंदीप्रमाणे दिसलेले नाहीत. (मग गोल कोणी केला? गोल कंपनीचा. बूट कंपनीचे होते.)

रेफ्री हे कंपनीच्या देणगीवर चालणाऱ्या एका शाळेचे ड्रिल मास्तर. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. एका मॅचमध्ये अकरा खेळाडू बदलता येत नाहीत. गायधनी म्हणाले, "मॅचमध्ये नाही ना? पण दोन हंगामांच्या मध्ये?" आणि त्यांनी जाहीर केलं की पहिल्या हाफबरोबर १९९५-९६चा हंगाम संपला आहे, मधला मोकळा काळ सुरू झाला आहे, आणि १९९६-९७चा हंगाम पंधरा मिनिटांनी सुरू होईल.

पलीकडे रांध्याचे पर्सनल ऑफिसर हे सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "काय भानगड आहे?" गायधनींनी त्यांच्या कानात फक्त 'फेब्रुवारी' एवढंच सांगितलं. ते गृहस्थ "मेलो!" असं ओरडले आणि आपल्या तंबूकडे धावले. अशा रीतीनं दोन्ही संघांचा मोकळा काळ एकाच मैदानावर, एकाच वेळी सुरू झाला.

फुटबॉलच्या इतिहासात इतक्या वेगानं संघबांधणी झाल्याचं ऐकिवात नाही. पहिली विकेट (हा शब्द क्रिकेटचा आहे, पण इलाज नाही) प्रशिक्षकांची गेली, कारण रघुनाथही हंगामीच. त्यांच्या जागी आले पुण्याचे इंजिनिअर सारंग, परमनंट, मेंटेनन्स खातं. पूर्वानुभव : पुतण्याला फुटबॉल घेऊन दिला होता. "संघ मुळापासून बांधावा लागेल, मला वेळ द्या," असं त्यांनी सांगितलं. त्यांना अकरा मिनिटं देण्यात आली. फॉरवर्ड म्हणून परचेस ऑफिसर आले. तिघांकडून कोटेशन घेतल्याशिवाय ते पास देणार नाहीत हे उघडच होतं. स्टोअरकीपर बॅकला, हातात आलेली वस्तू बाहेर जाऊ न देण्याबद्दल त्यांचा लौकिक. अकाउंटचे दोघे, बॉयलरचे एक, आणि कॅप्टन स्वतः गायधनी, बुटाच्या लेस शैलजाबाईंच्या फायलीच्या नाडीनं बांधलेल्या.

राहिला गोलकीपर. आणि राहिली ती पत्रावरची सही.

दहा खेळाडूंनी सह्या केल्या. ऑक्टोबर लांब नव्हता आणि परत यायचंच होतं. रघुनाथनी सही केली, शिट्टी पुसून परत दिली आणि वडापावाच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. मग पत्र नवनाथपुढे आलं.

"साहेब," नवनाथ म्हणाला, "आजची तारीख टाका. लगेच सही करतो."

"आजची तारीख टाकली तर तू परमनंट होशील."

"हो ना."

"मग कशी टाकू?" गायधनींनी अगदी कळकळीनं विचारलं.

"साहेब, मी आठेच शे ना. ह्या मैदानात. तुमच्या समोर."

"मला दिसतोयस रे. कागदाला दिसत नाहीस." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वाईट वाटायला कंपनीची बंदी नव्हती. "हट्ट करू नको. ऑक्टोबरला पहिला अर्ज तुझा घेईन."

"ऑक्टोबरले मनी पोर बेचाळिसाव्या पानावर बसते साहेब," नवनाथ म्हणाला, आणि त्यानं सही केली नाही. हात मागे बांधून तो गोलमध्येच उभा राहिला. चार मिनिटांनी सिक्युरिटीनं त्याला दोन्ही दंडांना धरून बाहेर काढलं, आणि त्यातलाच एक सुपरवायझर मग गोलमध्ये उभा राहिला. (अकरा वर्षांची नोकरी. गेट पासशिवाय काहीही आत सोडायचं नाही, एवढंच त्याला येत होतं, आणि तेवढं पुरलं.)

दुसरा हाफ बावीस ऑफिसर खेळले. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. चेंडूला एकूण एकोणीस वेळा पाय लागला, त्यांपैकी सात वेळा तो पाय बूट निघालेला होता. दोघांना चक्कर आली. शेवटी पहिल्या हाफमध्ये कोणीच न केलेल्या गोलावर शुभकेतूनं १–० असा कप जिंकला. तो काचेच्या कपाटात गेला, खाली पितळी पट्टीवर अकरा ऑफिसरांची नावं कोरली गेली, आणि मालकांनी फोनवर विचारलं, "कपाटाला कुलूप आहे ना?"

नवनाथ मात्र गावी गेला नाही. खोली गेली, तेव्हा एका सुताराच्या पडवीत त्यानं स्टोव्ह मांडला. जूनमध्ये सोनी शाळेत गेली, पहिल्याच दिवशी, पहिल्या पानाला. आणि नवनाथ गेला कामगार खात्याच्या कचेरीत. तिथले अधिकारी चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सत्तावीस मेला तू तिथं होतास याचा कागद आण."

कागद कुठला? हजेरीपटात आता प्रत्येक खेळाडूसमोर २३९ होते. पहिल्या हाफचा रेफ्रीचा तक्ता मागच्या हंगामाचा झाला होता, आणि मागच्या हंगामाचे कागद रद्दीत जातात. फोटो काढला तो कपाबरोबर, म्हणजे ऑफिसरांचा. "मग साक्षीदार आण," अधिकारी म्हणाले. "एक पुरे. तुला तिथं पाहिलेला एक माणूस." आणि त्यांनी फॉर्म दिला.

नवनाथला वाटलं, हे तर सोपं झालं. दोन हजार माणसं होती! तो चाळीचाळीनं फिरला. आणि खोटं कशाला बोलू, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "काय अडवलास रे तो बॉल!" म्हणत लोक खाटेवर आडवे पडून दाखवायचे. रघुनाथनी चहा पाजला, ती पेनल्टी दोनदा सांगितली. मग फॉर्म पुढे आला तेव्हा म्हणाले, "बाबा, माझा ऑक्टोबर हाय ना." एकाचा ब्रेक तीस तारखेला होता. एकाचा भाऊ त्याच खात्यात होता. शैलजाबाईंना ब्रेकची भीती नव्हती. त्या म्हणाल्या, "मी हजेरीपट पाहते रे, माणसांकडे माझं लक्ष नसतं," आणि फाइल उघडून बसल्या, पण पान काही उलटलं नाही. रात्रपाळी, दिवसपाळी, गलोंडा, रांधा, सगळं धुंडाळून झालं. पेनल्टी सगळ्यांनी पाहिली होती. नवनाथला कोणी पाहिलं नव्हतं.

फॉर्म अजून कोराच आहे. साक्षीदार सिल्वासाचाच हवा अशी त्यात अट नाही. ज्यानं पाहिलं त्यानं सही करावी, एवढंच आहे. आणि तुम्ही तर सुरुवातीपासून इथंच आहात. तो आडवा झाला ते पाहिलंत, हसला तेही पाहिलंत. तेव्हा घ्या, हा फॉर्म. रकाने तीनच : नाव, पूर्ण पत्ता, सही. आपण कुठं नोकरीला आहात, असा रकाना यात नाही. पण तुम्ही पहिल्यांदा तोच शोधलात.